गणपतच्या बापाचं नाव

व्याख्यान संपलं की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, एवढ्या घरांच्या वंशावळी शोधल्या तुम्ही, एखादं घर सापडलंच नाही असं झालं का हो?" मी हसतो. "एक आहे," म्हणतो आणि कप उचलतो. लोकांना वाटतं, सर किती नम्र! नम्र कसला डोंबलाचा. ते घर मला सापडलं होतं — विचारणारी दारात उभी होती, तेव्हाच सापडलं होतं. पुढं मी त्या घराचं काय केलं ते माझ्या बायकोला मरेपर्यंत कळलं नाही, मुलाला आजही ठाऊक नाही, आणि देवापुढं बसलो तर तिथंही तो विषय मनात यायच्या आत मी उठतो. आज उठणार नाही. तुम्ही मित्रासारखे बसा, पण मधे बोलू नका. मी रागात आहे. बोलणं सरळ होईल याची खात्री देत नाही.

परवा पुन्हा एक सत्कार झाला. लातुरातल्या एका क्लासचा हॉल, भिंतीभर गुणवंतांचे फोटो, आणि सूत्रसंचालक पोरगा माइकवर ओरडला — "वंशावळीचे डॉक्टर!" टाळ्या. मी शाल खांद्यावर घेतली. घेतली! तिथंच भिरकावून द्यायला हवी होती, तर मी ती नीट घडी घालून घरी आणली आणि कपाटात ठेवली. कपाटात अशा किती शाली आहेत ते सांगत नाही. ते दार लावताना माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही.

आधी माझं काम समजून घ्या, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. मी शाळेत इतिहास शिकवायचो. हळूहळू लोक यायला लागले — सर, जातीच्या दाखल्याला वंशावळ लागते, पणजोबांचा पुरावा लागतो, कुठं बघू? आपल्याकडं निजामाच्या काळातले कागद उर्दूत. ते वाचणारे म्हातारे मास्तर मी हुडकून ठेवले होते. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचा फेरफार, जुनी मतदार यादी, तुळजापूरच्या पुजाऱ्याची चोपडी, कुठं काय मिळतं ते मला तोंडपाठ. पण कागद नंतर. आधी म्हातारी माणसं गाठायची. त्यांना एकदम "तुमच्या आज्याचं नाव काय" विचारलं की ती बावरतात. त्यापेक्षा विचारायचं, तुमच्या लग्नात आहेर कुणाकुणाचे आले होते? देवक कोणतं? आणि सुतक कुणाचं धरता? आडनाव एक असलं म्हणून भावकी एक होत नाही. मेल्यावर ज्याचं सुतक धरता तो तुमच्या रक्ताचा, बाकीचे गाववाले. कागद खोटा निघेल, पण सुतक कुणी हौसेनं धरत नाही — हे वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात टाकतो. लोक माना डोलावतात. मला त्या वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. आमच्या आडनावाची तिथं दोन घरं होती. एक आमचं, म्हणजे माझे आजोबा बापूराव यांचं. दुसरं सखारामचं. सखारामचा नारायण, नारायणचा गणपत, गणपतचा ज्ञानोबा. त्यांचं देवक वेगळं, आमचं वेगळं. लग्नाकार्याला येणं-जाणं होतं, सुतक नव्हतं. त्यांना जमिनीचा तुकडा नव्हता. विहिरी खणायला, दगड फोडायला जायची माणसं. नारायण लहानपणी थोडे दिवस शाळेत बसला होता, गणपत तेवढाही नाही. नारायण जाऊन जमाना झाला, पण गणपत मला चांगला आठवतो. रुंद कपाळ, हनुवटीला खळी, आणि रस्त्यात भेटला की आधी तो रामराम करायचा.

मग भूकंप झाला. आम्ही तोवर नोकरीमुळं लातुरात आलेलो, म्हणून वाचलो. गावाकडं गेलो तर गाव नव्हतं, दगडमातीचे ढीग होते. गणपत गेला, ज्ञानोबा गेला, ज्ञानोबाची बायको गेली. त्यांच्या चिता मी पाहिल्या. घरी आलो तर आईनं देवपूजा केलेली, दिवा लावलेला. सुतक नव्हतं ना! बरोबरच होतं तिचं. आमच्या रक्ताची माणसं नव्हती ती.

पण ज्ञानोबाची तान्ही पोरगी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. तिचा मामा भोकरहून आला आणि तिला घेऊन गेला. मी पाहिलं तिला — मामाच्या खांद्यावर मान टाकलेली, केसांत माती. हे विसरू नका. मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतरचं लातूर तुम्हाला माहीत आहे. डाळ मिलवाल्यांचं, अडत्यांचं गाव क्लासवाल्यांचं झालं. गल्लीगल्लीत बोर्ड, एकेका खोलीत तिघं-तिघं पोरं, कुणाची आई गाव सोडून स्वयंपाकाला येऊन राहिलेली. आमच्याही घरात ते वारं शिरलं. माझा मुलगा डॉक्टर झालाच पाहिजे. कुणी ठरवलं? मीच. तो बिचारा कधी बोलला नाही. क्लास लावला, पहिल्या वेळी जमलं नाही, पुन्हा लावला. पुन्हा थोडक्यात हुकलं. जातीच्या रकान्यात एक विशिष्ट शब्द असलेली जुनी नोंद घरात कुणाची असती, तर राखीव जागेवर तो सहज लागला असता. बापूरावांची शाळेत नोंदच नव्हती. वडिलांच्या नोंदीत तो रकाना कोरा. आणि नारायणच्या नोंदीत — गावच्या शाळेच्या रजिस्टरात, उर्दूत — तो शब्द होता. मी स्वतः वाचून घेतला होता.

तुम्हाला कळलं असेल. बापूरावांच्या बापाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. मी लिहिलं, सखाराम. सखारामला दोन मुलं, नारायण आणि बापूराव. आणि नारायणच्या पुढं लिहिलं — निर्वंश. भूकंपात घर बुडालं. मेलेली माणसं हरकत घ्यायला येत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि पोरगी? पोरींना वंशावळीत कोण धरतं, त्या लग्न होऊन जातात, मी तर रीतीप्रमाणं लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. काय पण रीत! ढिगाऱ्याखाली न मेलेलं लेकरू मी शाईनं मारलं.

माझ्यावर कुणी शंका घेतली नाही. सरांच्या घरची वंशावळ सरांनीच काढलेली, मग बघायचं काय? चौकशीला आलेली माणसं लातुरातच चहा घेऊन परत गेली, गावापर्यंत गेलीच नाहीत. दाखला झाला. मुलगा मेडिकलला लागला, क्लासवाल्यांनी त्याचा फोटो चौकात लावला. मी पेढे वाटत हिंडलो.

एवढंच असतं तर मी हे सांगायला बसलो नसतो. चोरी केली आणि पचवली, असे पुष्कळ असतात. माझं त्याच्या पुढचं आहे. ते अजून तोंडातून निघत नाही. थांबा.

मुलगा तिसऱ्या वर्षाला होता. भर दुपारी दार वाजलं. उन्हातून चालत आलेली एक मुलगी, ओढणीनं तोंड बांधलेलं. दारात उभं राहून तिनं ओढणी सोडली आणि मी बघतच राहिलो. गणपतचं कपाळ. गणपतची हनुवटी, ती खळीसुद्धा. नाव तिनं नंतर सांगितलं, रेणुका. मला तोवर सगळं कळलेलं होतं.

मामानं तिला वाढवली होती. बारावी सायन्स नांदेडला वसतिगृहात राहून केलेली. क्लास नाही, काही नाही, आणि मार्क माझ्या पोरापेक्षा जास्त! सरकारी मेडिकलला तिला जागा मिळाली होती, पण जातीचा दाखला वेळेत दिला नाही तर ती जागा जाणार होती. बापाचा शाळेचा दाखला तिच्याकडं होता, ज्ञानोबा गणपत. पुढं अंधार. नव्यानं वसलेल्या गावात ती हिंडून आली होती. उरलेल्यांना गणपत आठवत होता. त्याचा बाप कुणाला आठवणार? ती पिढीच गेलेली. शाळेच्या हेडमास्तरांनी आडनावावरून नारायणची नोंद काढून दिली आणि म्हणाले, ह्याच नोंदीवर लातूरच्या सरांच्या मुलाचं काम झालंय, ते तुझ्याच भावकीतले दिसतात, त्यांना भेट. म्हणून ती आली होती. मामीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती — आजोबांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून.

"आजोबा," माझ्या पांढऱ्या केसांकडं बघत ती म्हणाली, "गणपतआज्याच्या बापाचं नाव तेवढं सांगा वो. मला दुसरं कायबी नको. मला वाटायचं, आपल्याला बापाकडचं कुणीच न्हाई. हेडमास्तरांनी तुमचं नाव सांगितलं तवा लई बरं वाटलं."

एक नाव. तिला एक नाव हवं होतं, आणि ते जगात फक्त मला ठाऊक होतं. नारायण. मी म्हटलं असतं, लिहून दिलं असतं, तर तिचं काम झालं असतं. आणि माझं? मी ज्याला निर्वंश लिहिलं त्याची पणती समोर उभी राहिल्यावर जुनं प्रकरण उघडलं असतं. या वेळी चौकशी गावात गेली असती. गावातल्या कुणीही सांगितलं असतं — सरांचं देवक वेगळं, ते गणपतच्या भावकीतले नाहीतच. मुलाचा दाखला गेला असता, तिसऱ्या वर्षातून तो घरी आला असता.

मी घाबरलो. बस. मोठी लढाई वगैरे मनात झाली नाही. गोष्टीत लिहितात तसं काही नाही. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि शांतपणे म्हणालो, "नामदेव."

तुझे पणजोबा नामदेव, बाळ. नारायण आमच्या घरातले. आडनाव एक आहे, पण घर वेगळं. आणि तिला पटावं म्हणून मी वर जोडलं — तुमचं आमचं सुतकसुद्धा नव्हतं. हे वाक्य खरं होतं! त्या दुपारी मी बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं, आणि त्याच्या आधारानं सगळं खोटं उभं राहिलं. वेगळ्या घरचा मी होतो. माझं वेगळेपण मी तिच्या गळ्यात बांधलं आणि तिचा पणजोबा माझ्या पोराला देऊन टाकला.

तिचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. आपण या आजोबांचे नाही, हे आधी तिला लागलं असेल. मग ती म्हणाली, "नामदेव. चला, नाव तरी कळलं." आणि हसली. मला अजून ते हसणं सहन होत नाही. पणजोबांचं नाव मिळालं म्हणून पोरगी खूश झाली, आणि ते नाव मी तांब्या खाली ठेवता ठेवता बनवलेलं होतं. नामदेव नावाचा माणूस आमच्या गावात त्या आडनावात कधी झालाच नाही.

तिनं विचारलं, आजोबा, आणखी कुठं शोधू? जुनी मतदार यादी. माझ्या ओठांवर होतं. तिथं गणपतचं नाव बापाच्या नावासकट मिळालं असतं, आणि ती कुठं मागायची, कशी मागायची हे मी शेकडो लोकांना फुकट सांगितलेलं आहे. तिला मी म्हणालो, "आता कुठंच काही मिळायचं नाही, बाळ. भूकंपात सगळं गेलं."

भूकंपात गेलं! भूकंपानं तिची माणसं नेली, पण नाव नव्हतं नेलं. ते माझ्याकडं होतं.

तिनं माझ्याकडून लिहून मागितलं, ते मी दिलं. गावाचा जाणकार म्हणून शपथेवर लिहिलं — गणपत नामदेव. माझ्या सहीची त्या वेळी किंमत होती. माझा कागद तिनं स्वतःच्या हातानं जात पडताळणी समितीपुढं ठेवला, आणि त्या कागदानंच तिचं प्रकरण पडलं. नारायणशी नातं सिद्ध होत नाही. जागा गेली. समितीनं कागद वाचला आणि निर्णय दिला, त्यांचं काही चुकलं नाही. निर्णय मी माझ्या बैठकीत आधीच देऊन ठेवला होता.

तिचा फोन आला. "न्हाई झालं, आजोबा. पर तुम्ही लई केलं माझ्यासाठी." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, खचू नकोस, प्रयत्न सोडू नकोस. अरे नालायका! हे मी माझ्याविषयी बोलतोय. दुसरा शब्द असेल तर तुम्ही घाला.

तिनं पुढं लॅबचा कोर्स केला. नांदेडला एका तपासणी केंद्रात ती लोकांचं रक्त काढायला लागली. दर दिवाळीला मला फोन करायची. माझ्या मुलाचा लातुरात दवाखाना झाला, तो चांगला चालतो, पेशंट त्याचं नाव काढतात... हे मी तुम्हाला का सांगतोय? हे सांगून मी काय तोलायला बघतोय? खोडून टाका ते. आणि तुमच्यातलं कुणी म्हणेल की सर, कुठल्या बापानं केलं नसतं. पुष्कळ बापांनी केलं नसतं. बापपण पुढं करून माझी पाठ राखायला येऊ नका, मला तेही ऐकवत नाही.

तिच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी जायला नको होतं. गेलो. भोकरला दारापुढंच मांडव घातलेला. मामानं मला हाताला धरून पुढं नेलं, पाहुण्यांना सांगत होता, आमच्या रेणूच्या बापाच्या आडनावाचं हे एकच माणूस उरलंय. मला भटजींच्या शेजारी खुर्ची दिली. कन्यादानाला मामा-मामी बसले. भटजींनी विचारलं, मुलीच्या वडिलांचं नाव? मामा म्हणाला, ज्ञानोबा. आजोबांचं? गणपत. पणजोबांचं? मामा अडला. कपाळावर बोट मारत आठवायला लागला, मग माझ्याकडं वळला, "सर, तुम्ही सांगा की."

आणि मी म्हणालो, "नारायण."

धाडस म्हणू नका त्याला, खबरदार. मी ठरवून काही केलं नाही. जन्मभर हेच काम केलेलं. गणपतनंतर नारायण, एवढंच जिभेला माहीत होतं. माझं मलाच ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता. भटजींनी ते नाव घेतलं, मंत्रात घातलं, खड्या आवाजात म्हटलं — नारायणची पणती, गणपतची नात, ज्ञानोबाची कन्या. मांडवात कुणालाच काही वाटलं नाही. मामालासुद्धा नाही.

रेणुकानं मान वर केली. मुंडावळ्या बाजूला झाल्या आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. तो कागद घेऊन किती दारं तिनं झिजवली होती. त्यातला प्रत्येक शब्द तिला पाठ असणार. हुशार मुलगी. तिला दुसऱ्यांदा विचार करावा लागला नाही. मला उठून जाता आलं असतं. मी खुर्चीत बसून राहिलो.

विधी झाले. नवरा-नवरी जोडीनं एकेका मोठ्या माणसाच्या पाया पडत आमच्या रांगेपर्यंत आली. माझ्यापुढं आली तेव्हा मी उभा राहिलो. ती वाकली आणि खाली वाकूनच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "नारायण व्हय?"

"हो," मी म्हणालो.

ती तशीच वाकलेली राहिली. नवरा नमस्कार करून सरळही झाला होता. मग तिनं दोन्ही हात माझ्या पायांवर टेकवले, आजोबांच्या पायांवर टेकवतात तसे.

मी पाय मागं घेतले नाहीत.